निजामपुऱ्यात ‘ओम दर-ब-दर’

बडोद्यात फत्तेगंज ओलांडले की निजामपुरा. मेहुणीकडे मुक्काम होता. घरात मराठी, कन्नड आणि शेजारची गुजराती यांची खिचडी. रात्री साडूंनी कमल स्वरूप यांचा १९८८ चा ‘ओम दर-ब-दर’ लावला. गाव अजमेर-पुष्करकडचे, पण गोष्ट सांगा म्हटले तर बेडूक आणि हिरे तेवढे आठवतात! सासूबाई ‘एन हुच्चाट इदु!’ म्हणाल्या खऱ्या, पण शेवटपर्यंत उठल्या नाहीत. सकाळी चहावर बेडकांची चौकशी त्यांचीच. उत्तरार्ध दमवतो, तरी मला चित्रपट आवडला. स्वप्नाला आपण कुठे जाब विचारतो? असा चित्रपट चित्रपटगृहात यायला २०१४ उजाडावे, याचे वाईट वाटते.

हे वेड परदेशातून आले म्हणावे, तर दादासाहेब फाळके आठवतात. याच बडोद्यात, सयाजीरावांच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले. आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोगही करत. ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांच्या मंदाकिनीचा चेहरा बघता बघता कृष्णाचा होतो. कमल स्वरूप यांनी पुढे फाळक्यांचाच माग काढला. ‘रंगभूमी’ (२०१३) हा त्यांचा माहितीपट फाळक्यांच्या काशीतल्या दिवसांवर आहे.