आईची आंघोळ आणि अठरावा मजला

मुंबईत कसली आलीय थंडी, असं म्हणत नाशिक-पुण्याचे पाहुणे हसतात. त्यांचंही खरंच आहे. सांताक्रूझचा नोंदलेला नीचांक 7.4 अंश सेल्सिअस, आणि तोसुद्धा 22 जानेवारी 1962 चा. तरी माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आईसमोर गेल्या हिवाळ्यात आंघोळीचं नाव काढलं, की ती पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची. "उद्या करते गं."

तिचा संसार गिरगावातल्या चाळीत झाला. पुनर्विकासात चाळ रिकामी झाली तेव्हा ती लालबागला आमच्याकडे, अठराव्या मजल्यावर आली. चाळीतली मोरी स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात होती. शेजारी स्टोव्हवर पाण्याचं पातेलं, नाहीतर डाळ. त्या मोरीला आईने जन्मभर नावं ठेवली, पण तिथे वारा नव्हता आणि स्वयंपाकाची ऊब होती. आमचं बाथरूम चकचकीत आहे: गार लाद्या, खिडकीच्या तिरप्या काचा, वर एक्झॉस्ट पंखा.

गिझरचा काटा वर करावा, असं घरात सगळ्यांचंच मत पडलं. आईला सांभाळायला परळहून येणाऱ्या मावशींनी ते मोडून काढलं. "पाणी कढत करून काय होणार? ओल्या अंगाला वारा लागतोय त्यांच्या."

विज्ञान मावशींच्या बाजूने आहे. अंगावरचं एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातं. तेवढ्या उष्णतेत अर्धा लिटरहून जास्त पाणी एका अंशाने तापेल. हिवाळ्यात मुंबईवर उत्तरेकडून कोरडा वारा येतो आणि कोरड्या हवेत अंग भराभर वाळतं. म्हाताऱ्या माणसाच्या कातडीखाली चरबी कमी, गारठ्यात रक्तवाहिन्या आकसायला उशीर, कुडकुडणंही क्षीण. उलट पोळलेलंही त्यांना लवकर कळत नाही. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, म्हणून पाणी 38 ते 40 अंशांचंच, तेही कोपर बुडवून पाहिलेलं. जपानमध्ये दर हिवाळ्यात कितीतरी वृद्ध न्हाणीघरात दगावतात. थंडगार खोलीत कपडे उतरवून एकदम कढत टबात शिरलं, की रक्तदाब आधी चढतो आणि मग घसरतो.

मग आंघोळ सकाळी सातवरून साडेअकरावर गेली. आई कुरकुरली, पारोशाने देवपूजा कशी करायची? शेवटी सकाळी हातपाय धुऊन दिवा लावायचा, यावर तडजोड झाली. आधी बादलीभर गरम पाणी लादीवर ओतायचं, दार लावून वाफ कोंडू द्यायची. खुर्ची प्लास्टिकची, पायाखाली रबरी चटई, पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात.

खरी युक्ती मात्र आईची स्वतःची. चाळीत बायका परकर छातीशी बांधून आंघोळ करायच्या, तेव्हा आडोसा कमी म्हणून. आता आडोशाची गरज नाही, पण आई परकर सोडत नाही. मावशी त्यावरच तांब्याने पाणी ओततात, खांद्यांवर पंचा टाकून तोही भिजवतात. ओलं कापड अंगाला चिकटून राहतं आणि कोमट पाण्याची धार चालू असेपर्यंत ऊब टिकते. धार थांबली, की तेच कापड गार पडू लागतं. त्यामुळे शेवटच्या तांब्यासरशी ते उतरवून कोरडा टॉवेल गुंडाळायचा आणि अंग चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. केस वेगळ्या दिवशी, दुपारी. तेल लावायचं ते आंघोळीनंतर, पलंगावर बसवून. आधी लावलं तर खुर्चीवरून घसरण्याची भीती.

एक्झॉस्ट पंख्याने मात्र छळलं. दिवा आणि पंखा एकाच बटणावर. पंखा बंद केला की अंधार. अंधारात म्हातारं माणूस पडणार, उजेडात गारठणार. बिल्डरच्या माणसांना यात काय सोय दिसली असेल, देव जाणे. नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनने दोन बटणं वेगळी करून दिली. आता मावशी आत जाण्याआधी पंख्याचं बटण बंद करतात, आणि आई बाहेरून ओरडते, "झालं का गं बंद?"