न दिसणाऱ्या कामाची कदर

सिनेमा पाहायलाही शिकावं लागतं, असं म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पुस्तकासाठी अक्षरओळख लागते, सिनेमाला डोळे आणि कान पुरतात, असा आपला समज असतो आणि सुरुवातीपुरता तो खराही असतो. लहान वयात सिनेमा म्हणजे नट-नट्या आणि गोष्ट. जरा मोठं झालं की गाणी कुणाची, संवाद कुणाचे, असे प्रश्न पडू लागतात. मग कधीतरी दिग्दर्शक नावाच्या माणसाचा शोध लागतो आणि पुढे बरीच वर्षं सगळं श्रेय त्याच्याच खात्यावर जमा होत राहतं. माझी समजही याच पायऱ्यांनी वर आली. विद्यार्थी म्हणून सिनेमाचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा पुढची पायरी दिसली: छायालेखन, संकलन, ध्वनी, वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि या प्रत्येकाच्या मागे राबणारी सहायकांची फळी. ही पायरी इतकी वर्षं का दिसली नाही, याचा विचार करताना एक गोष्ट पटत गेली. सिनेमातलं काम जितकं चोख होतं, तितकं ते प्रेक्षकाच्या नजरेआड जातं. त्यामुळे त्याची कदर नुसत्या पाहण्याने वाढत नाही, ती शिकूनच घ्यावी लागते.

'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) याची उत्तम साक्ष देतो. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी नव्याने लिहिला होता. तो तुकोबांच्या वाणीत इतका मिसळून गेला की अनेकांनी तो गाथेतलाच मानला, आणि अजूनही मानतात. गीतकाराच्या कौशल्याला याहून मोठी पावती नाही. पण त्याच पावतीने गीतकाराचं नाव पुसलं गेलं. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सगळ्यांना आठवतो. देहूचं साधं घर, अंगण, देऊळ खरं वाटावं म्हणून फत्तेलालांच्या कलाविभागाने काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण ते खरंच वाटलेलं असतं. खोटं वाटलं असतं, तर सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं. सिनेमात चूक चटकन दिसते आणि अचूकपणा दिसतच नाही. इतक्या उलट्या हिशेबावर चालणारे धंदे थोडेच असतील.

सेटवर जवळून पाहिलं की हा हिशेब आणखी उलगडतो. कॅमेऱ्याशेजारी फोकस पुलर उभा असतो. भिंग उघडं ठेवून, कमी उजेडात नटाचा चेहरा जवळून टिपायचा असेल, तर स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम काही सेंटिमीटर खोल उरते. नट बोलता बोलता अर्धं पाऊल पुढे आला की डोळे धूसर होतात. म्हणून हा माणूस आधी टेपने अंतर मोजतो, जमिनीवर खुणा करतो आणि शॉट चालू असताना नटाच्या हालचालीबरोबर भिंगाचं कडं फिरवत राहतो. दोन तासांच्या चित्रपटात, सेकंदाला २४ या हिशेबाने, १,७२,८०० फ्रेम असतात. त्या चित्रपटभर प्रेक्षकाला त्याच्या हाताची आठवण झाली नाही, तरच त्याचं काम फत्ते. ध्वनिमुद्रकाचंही तेच. प्रसंग संपला की तो सगळ्यांना जागच्या जागी थांबवतो आणि थोडा वेळ त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करून घेतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पुढे संवादांचे तुकडे जोडताना मधल्या फटी तिनेच बुजवाव्या लागतात, नाहीतर दर कटला कानाला ठेच लागते. शांतताही आणून, जपून, योग्य जागी बसवावी लागते, हे कळल्यापासून 'साधा प्रसंग' हे दोन शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाहीत.

हे काम पहिल्या दिवसापासून आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला आणि दादासाहेब फाळके या देशाच्या चित्रपटसृष्टीचे जनक ठरले. त्या काळी कच्ची फिल्म कडेची छिद्रं न पाडताच येई. ती छिद्रं अंधारात, हाताने, एकसारख्या अंतरावर पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करत. एक छिद्र चुकलं तर फिल्म कॅमेऱ्यात अडकणार. त्यातच संपूर्ण मंडळींचा स्वयंपाक, फिल्म धुण्याच्या कामात हात, आणि भांडवलासाठी गहाण पडलेले अंगावरचे दागिने. फाळक्यांच्या प्रतिभेपुढे नतमस्तक व्हावं, यात शंका नाही. पण त्या प्रतिभेला पडद्यापर्यंत जाण्याची वाट सरस्वतीबाईंच्या बोटांनी पाडलेल्या छिद्रांतून गेली होती, हेही तितक्याच मोकळेपणाने म्हणायला हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पडद्यामागचं कळलं की जादू संपते. मला हे पटत नाही. गुरुदत्त यांच्या 'कागज के फूल'मध्ये (१९५९) रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी आणला. बाहेरचं ऊन एका आरशाने आत वळवलं आणि आत उंचावर ठेवलेल्या दुसऱ्याने खाली सोडलं. हे माहीत झाल्यावर तो झोत फिका पडत नाही. सूर्य सरकतो, म्हणजे आरसाही सरकवावा लागणार, ढग आला की काम थांबणार, हे ध्यानात येतं आणि त्या उजेडाकडे पाहताना ऊर अधिकच भरून येतो. ताल समजणाऱ्याला समेवर येण्याचा आनंद न समजणाऱ्यापेक्षा कमी होत नसतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर 'पथेर पांचाली'चा एकेक प्रसंग सुटा करून शिकवत. त्यामुळे त्या चित्रपटावरचं विद्यार्थ्यांचं प्रेम वाढलंच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाईट चित्रपटातही माणसं रात्रंदिवस राबतात. मग घामाकडे पाहून चित्रपटाला चांगलं म्हणायचं का? मुळीच नाही. प्रेक्षकाने कष्टांची दया येऊन टाळ्या वाजवू नयेत. पण काम म्हणजे फक्त घाम नव्हे, काम म्हणजे निर्णय. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) शेवटाकडे न्यायालयाला सुटी लागते, दिवे एकेक करून बंद होतात आणि अंधार पडद्यावर रेंगाळतो. चित्रपट इथेच संपला, असं वाटतं. पण पुढे न्यायाधीशांची सहल येते आणि सगळ्या खटल्याचा अर्थ बदलून जातो. अंधार किती वेळ धरायचा आणि त्यानंतरही थांबायचं नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. कामाची समज आली की असे निर्णय ओळखता येतात, आणि जिथे नुसती धावपळ आहे, निर्णय नाही, तेही ओळखता येतं. म्हणजे ही समज प्रेक्षकाला भाबडा करत नाही, उलट त्याचा निवाडा काटेकोर करते.

शेवटी दिग्दर्शकच कर्ता, असंही म्हटलं जातं. अखेरचा शब्द त्याचा असतो, हे मान्य. पण शब्द त्याचा असला तरी उच्चार इतरांचा असतो. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. भारताच्या वाट्याला आलेलं ते पहिलं. हजारोंच्या गर्दीत एकाही अंगावरचं कापड परकं वाटू नये, ही दृष्टी दिग्दर्शकाची असेलही, पण कापडाची जाण त्यांची होती. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत पाठवली, कारण आपल्या पश्चात इथे ती नीट जपली जाईल, याचा त्यांना भरवसा वाटेना.

हा भरवसा का वाटला नाही, याचं उत्तर आपल्या इतिहासात आहे. आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले. कित्येक रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली. 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण उरलेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी जन्मभर वेचून आणलं, म्हणून जे आहे ते आहे. ज्या कामाची किंमत कळत नाही ते जपलंही जात नाही, आणि ते करणाऱ्यांना योग्य मोबदला, पुरेशी विश्रांती, नावाचा मान देण्याचीही कुणाला निकड वाटत नाही. म्हणून कदर ही रसिकतेइतकीच न्यायाची बाब आहे. समीक्षकांनी परीक्षणात संकलकाचं आणि ध्वनिसंयोजकाचं नाव घेऊन त्यांच्या कामावर दोन वाक्यं तरी लिहावीत. महाविद्यालयांनी रसास्वाद शिबिरांत दिग्दर्शकांबरोबर प्रकाशयोजना करणाऱ्यांनाही बोलवावं. आणि तुम्ही-आम्ही, चित्रपट आवडला असेल, तर शेवटची नावं सरकत असताना खुर्चीत बसून राहावं आणि ती वाचावीत.