पुसून टाकू काय?

खिशात मावणारे गाण्याचे यंत्र ही आता नवलाई राहिलेली नाही. जपानात १९७९ साली ‘वॉकमन’ निघाला, तेव्हा त्यात कॅसेट घालून माणसे चालता चालता गाणी ऐकू लागली. पुढे जर्मनीतील संशोधकांनी ध्वनी आवळून ठेवण्याची एमपी-थ्री नावाची रीत सिद्ध केली. तबकडीवर जे एका मिनिटाचे गायन सुमारे दहा मेगाबाइट जागा व्यापीत असे, ते एका मेगाबाइटात मावू लागले. १९९८ च्या सुमारास या रीतीची पहिली यंत्रे बाजारात आली आणि २००१ साली निघालेल्या आयपॉडने तर हजार गाणी खिशात आणून ठेवली. त्या आयपॉडचेही उत्पादन २०२२ साली बंद झाले. शहरातील तरुण आता सर्व काही मोबाईलवर ऐकतात, आणि अशी स्वतंत्र यंत्रे कपाटाच्या खणात पडून असतात.

आमच्याकडे ती अजून पडून नाहीत. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस जंगलपट्टीत आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरे अशी आहेत, की तेथे मोबाईलची रेंज पोहोचत नाही, आणि पावसाळ्यात वीजही बेभरवशाची. पहिल्या शुक्रवारी मी आजारी मंडळींना पवित्र कम्युनियन देण्यास जातो. जी माणसे वर्षानुवर्षे खाटेवरून उठलेली नाहीत, ज्यांना मंदिरातील गायन कानी पडणे दुर्लभ झाले आहे, त्यांच्यासाठी आम्ही तीन साधी यंत्रे घेतली. त्यांत जपमाळ, क्रुसाची वाट आणि आपली गीते भरून ती पाळीपाळीने घरोघर ठेवतो. एक बटण दाबले की झाले, असे दुकानदाराने सांगितले होते.

तसे ते झाले नाही. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने मी क्रमांक देऊन भरली. महिन्याने एका आजींकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, “फादर, तुमच्या पेटीतला येशू आधी मरतो नि मग क्रूस उचलतो.” ऐकून पाहिले तो खरोखरच तसे! हे यंत्र नावे संख्येप्रमाणे लावीत नाही, चिन्हांप्रमाणे लावते. १ नंतर त्याला २ दिसत नाही, १० दिसतो, कारण त्याचेही पहिले चिन्ह १ हेच. मग ११, १२, १३, १४, आणि त्यानंतर २. म्हणजे प्रभूला थडग्यात ठेवल्यावर मग त्याच्या खांद्यावर क्रूस दिला जाई. एकेरी अंकांच्या आधी शून्य घालून ०१, ०२ असे लिहिले, की हा घोटाळा मिटतो. जे वाचक घरी अशी भरणी करतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरे एक बटण गाणी मुद्दाम ढवळून वाजवते. ते चुकून दाबले गेले, की मरियेच्या स्वर्गारोहणानंतर देवदूत तिला निरोप द्यायला येतो. सिनेमाच्या गाण्यांना हे खपत असेल. जपमाळेला खपत नाही.

देवनागरी नावांची कथा याहून केविलवाणी. गाण्याच्या फाइलीला नावाची चिठ्ठी जोडण्याची एक पद्धत १९९६ साली निघाली. तिच्यात नावासाठी तीस बाइट जागा ठेवलेली असे. तीस इंग्रजी अक्षरांना ती पुरते. आपले मात्र प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि वेलांटीसुद्धा, आजच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. ‘पवित्र मरीये’ हे नाव तेथे बसवू पाहिले, तर ‘पवित्र मरी’पाशीच जागा संपते, अधिक लिहीत नाही. नंतरच्या पद्धतीत ही अडचण दूर झाली, पण स्वस्त यंत्रांच्या पोटात देवनागरीचा ठसाच नसतो, म्हणून पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग उमटते. आजींना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांचे अडत नाही. त्यांच्या नातीचे अडते.

हे सारे त्रास सोसण्याजोगे होते. ज्याने माझी झोप उडवली, तो प्रकार चौथ्या यंत्राचा.

ते यंत्र मला माझ्या आधीच्या फादरांकडून वारशाने मिळाले. ते चांगल्या कंपनीचे आहे. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. आमच्या एका वाडीवर एक वृद्ध गायक होते, सारे त्यांना आजोबाच म्हणत. उपवासकाळात ते फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातील दुःखसहनाच्या ओव्या गात. चाल त्यांना वडिलांकडून मिळालेली, ओव्या वहीत उतरवून घेतलेल्या. आधीच्या फादरांनी त्यांच्या ओटीवर बसून सुमारे अकरा तासांचे गायन ध्वनिमुद्रित केले, संगणकात ठेवले, तबकड्यांवर उतरवले आणि या यंत्रातही भरले. आजोबा पुढे देवाघरी गेले. संगणकावर एका वळवाच्या रात्री वीज उतरली. तबकड्या काढून पाहिल्या, तर दोन पावसाळ्यांच्या ओलीने त्यांवर बुरशीची नक्षी पसरलेली. राहिले ते हे तळहाताएवढे यंत्र.

नव्या संगणकाला ते जोडले, तेव्हा पडद्यावर प्रश्न उमटला. त्याचा मराठी आशय असा: ‘हे यंत्र दुसऱ्या भांडाराशी जोडलेले आहे. यातील सर्व काही पुसून या भांडाराशी सिंक करू काय?’ आजोबांच्या वाडीवरचा एक तरुण जवळ उभा होता, त्याने माझा हातच धरला. मी ‘नाही’ म्हटले आणि तार काढली.

‘सिंक’ हा शब्द मुळात ग्रीक. ‘सिन्’ म्हणजे सह आणि ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. दोघांनी एका काळात असणे, असा त्याचा सुंदर अर्थ. सेमिनरीत ग्रीक शिकताना या ‘सिन्’शी माझी ओळख झाली. ‘सिनॉड’ या शब्दातही तोच आहे, तेथे त्याचा अर्थ एकत्र वाट चालणे. या यंत्रांच्या राज्यात मात्र त्याचा अर्थ निराळाच झाला आहे. येथे संगणक धनी आणि यंत्र गडी. धन्याजवळ जे नाही, ते गड्याजवळ असता कामा नये. धन्याकडून गड्याकडे गाणी जातात, गड्याकडून धन्याकडे येत नाहीत. आणि धनी मेला, तर नव्या धन्याने गड्याची झोळी आधी रिकामी करायची!

हा नियम लोकांनी एकमेकांची गाणी फुकट उतरवून घेऊ नयेत यासाठी घातलेला आहे. गायकाची आणि वादकाची मजुरी बुडू नये, हे मला मान्य आहे. परंतु वाडीवरच्या ओटीवर आपल्याच माणसाने गायिलेल्या ओव्या चोरीच्या मालासारख्या अडवून ठेवायच्या, हा कुठला न्याय? यंत्राला आजोबा आणि सिनेमा यांतला भेद कळत नाही, हे खरे; पण यंत्र घडवणाऱ्याला तो कळायला हवा होता.

बेळगावच्या एका दुकानात यंत्र दाखवले. दुकानदार म्हणाला, “फॉर्मॅट करून देतो, नव्यासारखं होईल.” एका जाणकाराने यंत्राचे लपवलेले कप्पे उघडणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव सांगितले. पण त्यासाठीही ते संगणकाला जोडणे भाग होते, आणि जोडले की तोच प्रश्न समोर. अकरा तासांचा स्वर एका बटणावर ठेवण्यास माझे मन धजेना.

उपाय सापडला तो जुन्या काळातला. कानात घालायच्या तारेसाठी यंत्राला जे छिद्र असते, त्यातून स्वर बाहेर पडतोच. तेथे धनीही नाही आणि भांडारही नाही. दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेली तार आणली, एक टोक यंत्रात, दुसरे संगणकाच्या ध्वनी घेण्याच्या छिद्रात, आणि कॅसेटवरून कॅसेट उतरवावी तसे उतरवू लागलो. यात घाई चालत नाही. जेवढा वेळ गायले, तेवढाच वेळ उतरवायला. यंत्र चार्जिंगला लावून वाजवले, तर गायनात एक गुणगुण मिसळे, म्हणून बॅटरीवरच वाजवावे लागले. आणि म्हातारी बॅटरी तासाभरात मान टाकी. रोज संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर एक तास, असे अकरा दिवस लागले.

या अकरा संध्याकाळी मी आजोबांजवळ बसलो. मी या धर्मग्रामात आलो तेव्हा ते नव्हते. त्यांचा खोकला, मागे कोंबड्याचे आरवणे, आतून कोणीतरी चहा झाल्याची दिलेली हाक, सारे त्यात आहे. प्रभूला फटके मारण्याच्या प्रसंगी ते दर वेळी थांबत. प्रथम मला वाटले, तार निसटली. मग ध्यानात आले, की त्यांना पुढचे गाववत नसे. संगणकात शांततेच्या जागा आपोआप गाळण्याची सोय असते. ती मी बंद केली.

ख्रिस्तपुराण राशोल येथे १६१६ साली छापले गेले, पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ साली पुण्यास देवनागरीत आला. तेव्हाही ज्याने उतरवले, त्याला ओवी न् ओवी वाचावी लागली असणार.

आता आजोबांच्या गायनाची एक प्रत त्यांच्या मुलाकडे आहे, एक आधीच्या फादरांकडे पाठवली आहे, एक धर्मग्रामाच्या कपाटात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यात आहे. ते चौथे यंत्र मी कोणत्याही संगणकाला जोडीत नाही.

आजोबांच्या गायनात शेवटच्या भागातील काही ओव्या नाहीत. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता, असे त्यांचा मुलगा सांगतो. पूर्वी लग्नाच्या नि सणाच्या वेळी त्यांचे गायन कॅसेटवर घेतलेली काही घरे आहेत म्हणतात. अशी कॅसेट कोणाजवळ असल्यास रविवारच्या मिस्सेनंतर कचेरीत आणून द्यावी. फीत तुटलेली असली तरी चालेल. वेष्टनावर घराचे नाव आणि आठवत असल्यास साल पेन्सिलीने लिहावे. उतरवून झाल्यावर कॅसेट ज्याची त्याला परत मिळेल.