अनुभव कुणाच्या खात्यावर

संगणकावरील खेळाविषयी मराठीच्या अध्यापकाने लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मलाही बराच काळ वाटत होते. हा लेख वीस वर्षे लांबला त्याचे तेही एक कारण. दुसरे कारण पुढे येईलच.

२००४ साली मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. खोलीत जोडीला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी होता आणि त्याच्या संगणकावर 'डायब्लो २' होता. ब्लिझर्ड कंपनीचा हा खेळ २००० सालचा, 'बॅटल.नेट'वरून तो एका वेळी आठ जणांना मिळून खेळता येई. आमचे कनेक्शन केबलवाल्याचे, म्हणजे घडीघडीला अडखळणारे. माझा सोबती बार्बेरियन घेऊन खेळे. हा गडी कुऱ्हाड घेऊन थेट शत्रूच्या अंगावर जाणारा असल्यामुळे नेट अडकले की उभ्या जागी मरे. त्यानेच मला सुचवले, "सर, तुम्ही नेक्रोमॅन्सर घ्या. नेट अडकलं तरी तुमचे सांगाडे लढत राहतात."

नेक्रोमॅन्सर म्हणजे प्रेते उठवणारा मांत्रिक. त्याची रीत अशी, की शत्रू मेला की त्याच्या प्रेतातून सांगाडा उठवायचा. तो सांगाडा पुढच्या शत्रूला मारतो, त्या प्रेतातून दुसरा उठतो. आपण मागे उभे राहून शत्रूंवर शाप टाकायचे आणि फौज वाढवीत जायचे. सांगाड्यांखेरीज मातीचा, रक्ताचा, लोखंडाचा किंवा अग्नीचा गोलेम करता येतो. सबंध राक्षसही जिवंत करता येतो, पण तो तीनच मिनिटे टिकतो. २००३च्या दुरुस्तीपूर्वी जितकी विद्या तितके सांगाडे असा हिशेब होता; वीस-वीस सांगाड्यांचा जथा घेऊन लोक हिंडत. त्या दुरुस्तीने संख्या घटवली आणि प्रत्येक सांगाडा अधिक कणखर केला. विसाव्या पायरीला आठ सांगाडे मिळू लागले. मी खेळू लागलो तो या आठांच्या काळात.

या वर्गाची खरी गंमत (गंमत हा शब्द योग्य आहे की नाही, मला सांगता येत नाही) पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असते. तिथे सांगाड्याचे एक लहानसे चित्र आणि त्यावर आकडा असतो. आठ. एक पडला की सात. कोणता पडला हे कळायला मार्ग नाही आणि कळून उपयोगही नाही, कारण दोन पावलांवर दुसरे प्रेत पडलेलेच असते. त्याच कोपऱ्यात पगारी भालाईताचे मात्र स्वतंत्र चित्र असते. हा भालाईत दुसऱ्या अंकातल्या लुट गोलेन या वाळवंटी शहरात ग्रीझ नावाच्या माणसाकडून भाड्याने घ्यायचा. त्याला नाव असते, आणि त्या नावांच्या यादीत कासीम, गुलझार यांच्या जोडीला चक्क नीरज आणि विख्यातही आहेत. तो मेला तर ग्रीझला सुवर्णमुद्रा मोजून त्याला परत आणावे लागते. बढती मिळेल तशी ही रक्कम वाढत पन्नास हजारांपर्यंत जाते. सांगाड्याला नाव नाही, मोलही नाही. खेळ बंद करून पुन्हा उघडला की भालाईत हजर असतो, लोखंडी गोलेमसुद्धा हजर असतो, कारण त्याच्यासाठी आपण एखादी धातूची वस्तू कायमची खर्ची घातलेली असते. सांगाडे तेवढे नाहीसे झालेले असतात. ज्याच्यासाठी काही मोजावे लागले, तेवढ्याचीच नोंद राहते.

मराठीत याला क्रियापद कोणते? व्याकरणाच्या तासाला मी प्रयोजक क्रियापदे शिकवीत असे: करणे–करवणे, मारणे–मारवणे. नेक्रोमॅन्सर मारत नाही, मारवतो. पण रात्री सोबत्याने विचारले, "किती झाले?" की मी म्हणे, "चाळीस मारले." मारवले, असे तोंडातून एकदाही निघाले नाही. त्याचे नवल नाही, कारण मी ज्या घरातून आलो तिथे प्रयोजक क्रियापद फारसे कुणी वापरतच नसे. मराठवाड्यात आमची बारा एकर जमीन. "यंदा आम्ही तूर लवकर काढली," असे वडील पाहुण्यांना सांगत, आणि त्यांच्या हाताला मातीही लागलेली नसे. यात खोटेपणा नव्हता. भाषेने ती सवलत मालकाला केव्हाच देऊन ठेवली आहे. घर 'बांधणारा' आपल्याकडे बहुधा गवंडी नसतोच.

त्याहून अडचणीची गोष्ट पडद्याच्या तळाशी होती. तिथे अनुभवाची पट्टी असते. शत्रू मेला की ती पुढे सरकते; ती भरली की आपण एक पायरी वर चढतो. सांगाड्याने मारलेल्या शत्रूचा अनुभवही मांत्रिकाच्याच खात्यावर जमा होतो. सांगाड्याला त्यातला कणही मिळत नाही. शंभरावा शत्रू मारतानाही तो पहिल्याइतकाच अडाणी असतो. खेळाच्या दृष्टीने हे रास्तच आहे, नाहीतर हा वर्ग कोणी निवडणारच नाही. परंतु 'अनुभव' हा शब्द मराठी समीक्षेत आपण किती जड करून ठेवला आहे, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. एका रात्री ती पट्टी सरकताना पाहून मी थांबलो. मला माझी कथा आठवली.

१९९६ साली एका दिवाळी अंकात माझी एक कथा छापून आली होती. आमच्या सालगड्यावर. पाडव्याला साल ठरे; काही रोख, काही धान्य. शेतीची वीज रात्रीची, म्हणून थंडीत रात्रभर दारं धरायला तो जाई. एकदा मीही हौसेने त्याच्याबरोबर गेलो होतो आणि तासाभरात घोंगडी पांघरून बांधावर झोपलो होतो. पहाटे त्यानेच मला उठवले. पिंडऱ्यांपर्यंत चिखल, बधिर झालेली बोटे, पाण्यातून सळसळत गेलेले जनावर, हे सगळे त्याने मला परतीच्या वाटेवर सांगितले. कथेत मी ते प्रथमपुरुषी एकवचनात लिहिले. मी दारं धरतो, माझी बोटे बधिर होतात. एका परीक्षकांनी 'अनुभवाच्या अस्सलपणा'चा खास उल्लेख केला, लहानसे पारितोषिकही मिळाले. तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीच्या मुलाखतीतही त्या कथेचा विषय निघाला होता आणि तो माझ्या फायद्याचाच ठरला.

दुसऱ्याच्या जगण्यावर लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. तसे म्हटले तर निम्मे वाङ्मय बाद होईल. लेखकाने परकायाप्रवेश करावा, हे मी आजही वर्गात सांगतो. मात्र आपल्या गोष्टींतल्या वेताळाला एक सोय आहे: राजाच्या पाठीवरचे ते प्रेत बोलते, प्रश्न विचारते, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिल्यास डोक्याची शकले होतील अशी ताकीद देते. माझे सांगाडे काही विचारत नसत. गड्यानेही विचारले नाही. त्याला वाचता येत नव्हते. त्याचा मुलगा तालुक्याच्या महाविद्यालयात गेला, तिथल्या वाचनालयात त्याला तो अंक सापडला. सुट्टीत भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, गोष्ट वाचली तुमची. चांगली हाय. आमच्या अण्णाचं नाव नाही त्यात कुठं."

मी म्हणालो, कथेत खरी नावे घालत नसतात. वाङ्मयाच्या दृष्टीने उत्तर बरोबर होते. त्याने मान डोलावली आणि आम्ही पावसाविषयी बोलू लागलो.

खेळातल्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी ताल राशाच्या थडग्यात ड्युरिएल नावाचा राक्षस आहे. त्याची गुहा लहान, बंद. पडदा पुरता उघडण्याआधीच तो अंगावर आलेला असतो. तिथे त्याच्याखेरीज दुसरा एकही शत्रू नाही, म्हणजेच प्रेत नाही, म्हणजेच नवा सांगाडा नाही. बरोबर नेलेले पडले की कोपऱ्यातला आकडा आठावरून पाच, दोन असा उतरत जातो आणि मग ते चित्रच नाहीसे होते. भालाईतही गेलेला असतो. मी तिथे किती वेळा मेलो त्याची गणती नाही. मातीचा गोलेम पुन्हा पुन्हा उभा करून त्याच्याआड लपत मी कसाबसा निभावून नेत असे. सोबती हसे: "सर, स्वतः मारा ना एकदा!" हातात जे लाकडी दांडके होते त्याने मी मारूनही पाहिले. त्या राक्षसाला ते जाणवल्याचे दिसले नाही.

२०२१ साली हा खेळ नव्या रंगरूपात पुन्हा निघाला, तेव्हा मी तो विकत घेतला. आता मी कायम नोकरीत आहे आणि नेटही अडखळत नाही. एक कळ दाबली की जुनी चित्रे दिसतात, पुन्हा दाबली की नवी. नव्या चित्रांत सांगाड्यांच्या बरगड्या मोजता येतात. वर कोपऱ्यात आकडा तसाच आहे.

गडी आता नाही. त्याचे नाव मी इथेही लिहिलेले नाही. या वेळी वाङ्मयाची सबब नाही, त्याच्या मुलाला विचारायचे राहिले आहे एवढेच. मागच्या पाडव्याला त्याचाच फोन आला होता. त्याची मुलगी बारावीला आहे. "दादा, ती गोष्ट हाय का अजून तुमच्याकडं? पोरीला वाचायचीय, आजोबाची म्हणून." माळ्यावर त्या अंकाच्या दोन प्रती होत्या, त्यांतली एक सापडली. कथेच्या शीर्षकाखाली माझे नाव बरेच ठळक छापलेले आहे. पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे. ते अजून टेबलावरच पडून आहे.