पेशंटला भेटायला जाताना



कॅन्सरच्या पेशंटला भेटायला गेलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास निघतं, "असाता वेदनीयाचा उदय, दुसरं काय!" बोलणारीच्या मनात वाईट नसतं. पण माझ्या थोरल्या जाऊबाईंना, स्तनाचा कॅन्सर आहे असं कळल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत, हे इतक्या जणींनी ऐकवलं की रात्री त्या मला विचारू लागल्या, "मी असं काय पाप केलं असेल गं?" केमोच्या मळमळीवर गोळी होती. यावर नव्हती.

तत्त्वार्थसूत्र आपण दशलक्षणात दरवर्षी ऐकतो. असाता कर्म कशाने बांधलं जातं, ते सहाव्या अध्यायात आहे: स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख दिल्याने, शोक करायला लावल्याने, रडवल्याने. म्हणजे आजाऱ्याला कर्मसिद्धांत सांगून रडवलं, तर कर्म कोणी बांधलं? आणि नवव्या अध्यायात वेदनेचं सतत चिंतन आर्तध्यानात घातलंय. ते आपणच तिच्या उशाशी ठेवून यायचं का?

एका वयस्कर बाईंनी तर सरळच सांगितलं, "औषधांच्या मागे कशाला लागतेस, सल्लेखनेची भावना ठेव." दुसरी स्टेज, डॉक्टर म्हणतात बरं होईल, आणि हा सल्ला! आचार्य शांतिसागर महाराजांची कुंथलगिरीची 1955 ची सल्लेखना आपल्या घराघरांत सांगितली जाते. पण तेव्हा महाराजांचं वय ऐंशीच्या पुढे होतं आणि दृष्टी गेल्याने जीव बघून चालणं, म्हणजे मुनिचर्याच, अशक्य झालं होतं. रत्नकरंड श्रावकाचारातही सल्लेखना सांगितली आहे ती ज्यावर उपाय उरला नाही अशा संकटात, रोगात. तो ग्रंथ ज्यांचा, त्या समंतभद्र आचार्यांनाच भस्मक व्याधी झाली होती, अशी परंपरेतली कथा आहे. त्यांनी समाधीमरणाची आज्ञा मागितली आणि गुरूंनी नाकारली. आधी बरे व्हा, म्हणाले. त्यासाठी मुनिवेषही उतरवायला लावला. ही कथा मी ताईंना दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा त्यांनीच सांगायला लावली.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला आमच्या फेऱ्या सुरू आहेत. ताईंचा रात्रीभोजनत्याग पंचवीस वर्षांचा. केमोनंतर पाणी भरपूर प्या, थोडं थोडं सारखं खा, असं सांगतात. सूर्यास्तानंतर काय करायचं? त्या घोटभर पाण्यालाही तयार नव्हत्या. शेवटी माताजींकडे गेलो. सोळाकारण भावनेत त्याग आणि तप दोन्ही "शक्तीप्रमाणे" आहेत याची त्यांनी आठवण दिली, आणि औषध-पाण्याची सवलत दिली. त्या दिवसापासून ताईंच्या चेहऱ्यावरची अपराधी छटा गेली. (उपास-एकाशन करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी सगळ्यांनाच सांगते.) गाळून उकळलेल्या पाण्याची आपली सवय मात्र या आजारात फारच उपयोगी पडली.

जपाचंही तसंच. 108 ची माळ त्यांच्याने पुरी होईना, मग तेही दुःख. आता सलाइन चालू असताना श्वासाबरोबर हळूहळू णमोकार म्हणतात. मोजत नाहीत. त्याने दुखणं कमी होतं असं त्या म्हणत नाहीत, "भीती जरा बाजूला बसते" असं म्हणतात.

केस गेल्यावर त्यांनी मंदिरात जाणं सोडलं होतं. लोक बघतात म्हणून. सम्यग्दर्शनाचं तिसरं अंग निर्विचिकित्सा, आणि त्याचं उदाहरण उद्दायन राजा, आजारी मुनींची वांती स्वतःच्या हाताने पुसणारा. पाठशाळेत हे आपण सगळ्या घोकतो. वैयावृत्त्य तर अंतरंग तपात मोडतं. घरात पेशंट असला की त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, उलट सामायिकालाच वेळ उरत नाही.

पुढची केमो मंगळवारी आहे. पुढचे आठ-दहा दिवस सर्दी-खोकला असेल तर कृपया येऊ नका, फोन करा. येणार असाल तर दिवसाउजेडी या, मुगाचं कढण आणलंत तर चालेल. अत्तर-गजरा नको, वासाने उलटी होते. आणि मुलीच्या लग्नाचं, सोलापुरातल्या नव्या साड्यांच्या दुकानाचं, काहीही बोला. ताईंना ते सगळं ऐकायचं असतं.