हिरवी की लाल

मिरची लावणं फारसं अवघड नाही. ऊब आणि ओल मिळाली की आठवड्या-दीड आठवड्यात बी उगवतं, महिना-सव्वा महिन्यात रोप मोठ्या कुंडीत जातं. हात कळतो तो खुडताना.

हिरव्या मिरच्या खुडत राहिलं की झाड पुन्हा पुन्हा फुलावर येतं. बऱ्याचशा लाल होऊ दिल्या की बी पोसण्यात गुंततं, नवी फुलं रोडावतात. म्हणून माझा पहिला तोडा सगळा हिरवा. लालसाठी थांबायचं ते नंतर, तेही एकाच झाडावर. मिरची ओढायची नाही, फांदी ठिसूळ असते. डाव्या हाताने फांदी धरायची आणि उजव्या अंगठ्याने देठ वरच्या बाजूला उचलायचा. फांदीला जोडलेल्या गाठीशी तो टक्कन सुटतो. देठ मिरचीला राहायलाच हवा, बिनदेठाची लवकर नासते.

उन्हाळ्यात रोज शेंड्याची पानं बघते. कडा वर वळून पानाची होडी झाली तर बहुधा फुलकिडे, होडी उलटी दिसली तर कोळी. शेतकरी दोन्हीला बोकड्या म्हणून मोकळे होतात. मी निंबोळी अर्क फवारते, संध्याकाळी आणि पानांच्या खालून; वरून फवारणं म्हणजे नुसती झाडाची आंघोळ.

‘बिया काढ, तिखट कमी होईल’ हा स्वयंपाकघरातला सल्ला अर्धाच खरा. तिखट असतं बिया धरणाऱ्या पांढऱ्या शिरेत; बियांना ते नुसतं माखतं. पाखरांना तर ते झोंबतच नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची गोव्यात आणली, त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेत तिचं बी पाखरंच पसरवत होती. आमच्या गच्चीवरचे बुलबुल तोच धंदा चालवतात, लाल झालेली पहिली मिरची त्यांची.

बियाणं धरायचं तर लवंगीशेजारी ढोबळी नको. मधमाश्या दोघींवर बसतात आणि पुढच्या पिढीच्या तिखटाचा भरवसा राहत नाही. गच्चीत जागा कुठली! म्हणून कळ्या असतानाच एका फांदीला मलमलची पिशवी बांधते. फुलं उमलल्यावर फांदी रोज हलकेच हलवली की पुरतं, मिरचीचं फूल आपल्याच परागावर फळतं. मिरची धरली की पिशवी काढून देठाला ठसठशीत दोरा बांधायचा. नाहीतर ठेच्यासाठी घरातलं कुणीतरी नेमकी तीच खुडून नेतं.