तीव्र मध्यम

गोकुलमच्या थर्ड स्टेजमध्ये आवाज असतो तो पहाटे. चार वाजल्यापासून भाड्याच्या स्कूटरी सुरू होतात, योगाभ्यासाला निघालेली परदेशी मंडळी अंधारात एकमेकांना कुजबुजत हाका मारतात. पट्टाभि जोइस यांनी आपली शाळा लक्ष्मीपुरमहून इकडे आणल्याला वीस वर्षं होऊन गेली. आमच्या कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याला आता 'धन्यवाद' पाच भाषांत येतं. ही मंडळी दोन-तीन महिने राहतात आणि जाताना सगळं विकून टाकतात: गाद्या, मिक्सर, गॅसची शेगडी. अशाच एका फाटकावर लावलेली चिठ्ठी वाचून मी दोन वर्षांपूर्वी एक डबा विकत घेतला. पायाने दाबायची चार बटणं, एक छोटा पडदा, आणि आत पन्नास-साठ गिटार अँप्लिफायर. म्हणजे अँप्लिफायर नव्हेतच, त्यांची गणितं. व्हॉल्व्ह तापल्यावर आवाज कसा फाटतो, स्पीकरचा कागद कसा थरथरतो, त्यासमोर ठेवलेला माईक त्यातलं काय उचलतो आणि काय सोडतो, हे सगळं आकड्यांत.

डब्यातल्या यादीत खऱ्या कंपन्यांची नावं नसतात. नावांवर त्यांचा हक्क असतो, म्हणून 'ब्रिट' अमुक, 'कॅली' तमुक अशी सोंगं. मला हसू आलं. ऑथेल्लोचा झुंझारराव करणारे देवल याच धंद्यातले.

डबा काही महिने कपाटात पडून होता. ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबाथचे चौघे मूळ वादक शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले, आणि २२ जुलैला ऑझी ऑस्बर्न गेला. त्या आठवड्यात मी तो बाहेर काढला. मला टोनी आयोमीचा १९७० सालचा आवाज हवा होता. पहिल्या रेकॉर्डवरचा, त्याच नावाच्या पहिल्या गाण्यातला. पाऊस, देवळाची घंटा, आणि मग ते तीन स्वर.

साहित्य माहीत होतं. गिब्सन एसजी, त्यावर पी-नाइन्टी पिकअप. लेनीचा शंभर वॉटचा अँप्लिफायर. लेनी ही बर्मिंगहॅमचीच कंपनी, १९६७मध्ये सुरू झालेली. आणि मधे डॅलस रेंजमास्टर नावाचा एक करडा डबा, ज्यात जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर. आयोमीने त्यात बदल करून घेतले होते. गंमत अशी की हा डबा खर्ज वाढवत नाही, तो वरचे स्वर वाढवतो. जगातल्या सगळ्यात जड, काळ्या आवाजाच्या मुळाशी पातळ, किरकिरा आवाज करणारं यंत्र आहे. ते पुढच्या व्हॉल्व्हना इतकं ढकलतं की त्या फाटतात, आणि खालचे स्वर आधीच आटोक्यात असल्यामुळे फाटूनही चिखल होत नाही. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, उन्हाळ्यात त्याचा आवाज बदलतो. माझ्या डब्यातला रेंजमास्टर मात्र मे महिन्यातही तसाच वाजतो. मला ते जरा खटकतंच.

सगळं जोडलं, आणि आलेला आवाज माझ्या कानातला नव्हता. दोन आठवडे मी एकेक काटा फिरवत होते. मग लक्षात आलं की माझ्या कानातला आवाज रेकॉर्डचा नाहीच. तो १९९६ सालच्या एका कॅसेटचा आहे. पुण्यात मैत्रिणीच्या भावाने कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, ती मी पुन्हा माझ्यासाठी उतरवली. तिसऱ्या पिढीची प्रत. वरचे स्वर झिजलेले, आणि आमच्या टेपरेकॉर्डरची मोटर थकलेली, त्यामुळे सगळं किंचित खाली उतरलेलं. पोथीच्या भाषेत सांगायचं तर माझी संहिता भ्रष्ट होती, आणि मी तिच्याशी प्रामाणिक राहू पाहत होते. व्यवसायाने अनुवादक असूनही हे कळायला मला दोन आठवडे लागले. शेवटी दोन सेटिंग ठेवली: एक रेकॉर्डचं, एक कॅसेटचं. दुसरं कुणाला ऐकवत नाही.

एम. ए.ला आम्हाला वॉल्टर बेन्यामिनचा अनुवादावरचा निबंध होता. त्यात अनुवादक भाषेच्या अरण्यात शिरत नाही, बाहेर उभा राहून हाक घालतो आणि प्रतिध्वनी नेमका कुठे उठेल त्याचा अंदाज घेतो, अशी प्रतिमा आहे. परीक्षेत मी त्यावर चार पानं लिहिली होती, कळलं काही नव्हतं. या डब्यात स्पीकरच्या पेटीची नक्कल करतात ती बरीचशी तशीच. पेटीतून एक टिचकीसारखा आवाज सोडायचा, तिचं उत्तर मुद्रित करायचं, आणि मग गिटारच्या प्रत्येक क्षणाला ते उत्तर जोडायचं. पेटी कुठेच नसते, तिचा प्रतिध्वनी तेवढा असतो.

या सगळ्यात बाबा शेजारच्या खोलीत होते.

बाबा १९४८चे. आयोमीही १९४८चाच. आई गेल्यानंतर बाबा इकडे आले. लेकीकडे राहणं त्यांना पहिलं वर्षभर अवघड गेलं, आता गेटवरच्या लोकांशी मोडकं कानडी बोलतात. त्यांची रेडिओवर निष्ठा आहे. 'आकाशवाणी' हे नाव १९३५मध्ये याच गावात, गोपालस्वामी नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने घरात चालवलेल्या केंद्रापासून आलं, हे कळल्यावर म्हैसूरबद्दल त्यांचं मत एकदम सुधारलं.

बाबा भोसरीत एका पॉवर प्रेसवर होते. १९८७ साली उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं पहिलं पेर गेलं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात दोन्हीकडे गुंतल्याशिवाय पंच खाली येऊ नये म्हणून. पण नगावर पैसे असले की एका बटणात लाकडाची चीप ठोकतात, म्हणजे एक हात जॉब सरकवायला मोकळा. ती चीप बाबांनी स्वतः ठोकली होती. हे ते लपवत नाहीत.

त्याआधी ते आळीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यानंतर नाही.

आयोमीची गोष्ट मला कॉलेजात कळली तेव्हा मी धावत घरी आले होते. तोही पत्र्याच्या कारखान्यात. सतरा वर्षांचा, नोकरीचा शेवटचा दिवस, नेहमीची नसलेली मशीन, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, ज्याची दोन बोटं आगीत निकामी झाली होती. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, जुन्या जाकिटाचं चामडं त्यावर चिकटवलं. जाड तारा सोसेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या, आणि पुढे १९७१च्या रेकॉर्डवर गिटार तीन अर्ध्या स्वरांनी खाली उतरवली. मी हे सगळं बाबांना एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भरपाई किती मिळाली त्याला?"

मला राग आला होता. मी कुठेतरी मनात धरलं की बाबांनी हार मानली. नंतर हेच मी लोकांना सांगत आले, फक्त शब्द सौम्य केले: अपघातानंतर वडिलांची पेटी सुटली. ऐकणारे हळहळायचे. एका परिसंवादात तर शरीर आणि अनुवाद अशा काहीतरी विषयावर मी हे उदाहरण म्हणून वापरलं. टाळ्या मिळाल्या.

तर त्या दिवसांत एका संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले. मी तोच प्रसिद्ध आवाज काढायच्या खटपटीत होते, सगळे काटे उजवीकडे. ते दारात उभे राहिले.

"कसला आवाज आहे गं हा?"

"तो कारखान्यातला माणूस, बाबा. सांगितलं होतं बघा. लोक म्हणतात त्याच्या संगीतात प्रेसचा आवाज आहे."

ते थोडा वेळ ऐकत राहिले. "प्रेस असं सलग नाही वाजत. मारते, मग उचलते. मधे गप्प असते. त्या गप्पमध्येच तर हात घालायचा असतो."

मी गेनचा काटा आठवरून चारवर आणला. आवाज एकदम लहान झाला, आणि रिकाम्या जागा दिसायला लागल्या. तारेवर हात टेकून आवाज मारणं ऐकू आलं. मग रेकॉर्ड लावून पाहिली. आयोमीचा आवाज आपल्याला आठवतो त्यापेक्षा पुष्कळ कमी फाटलेला आहे. जाडी येते ती गीझर बटलरचा बेस बऱ्याचदा त्याच ओळीवर चालतो म्हणून. हे मी वाचलंही होतं. पण पुढच्या चाळीस वर्षांच्या बँडांनी जो कर्कशपणा वाढवत नेला, तो मी मागे नेऊन मुळाला चिकटवत होते. हळू आवाजात वाजवताना कान खर्ज कमी ऐकतो, म्हणून खालचे स्वर थोडे वाढवले. एवढंच. सात वाजता घरमालकीण वर येऊन विचारून गेल्या, वीज गेली का, म्हणजे आज आवाज नाही.

चार-पाच दिवसांनी ते तीन स्वर जमले. खालचा सा, वरचा सा, आणि मग उतरून तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला सैतानाचं नाव चिकटलं होतं. आपल्याकडे त्यावर संध्याकाळचे राग उभे आहेत. माझ्या बोटांना सगळी पेरं आहेत, तरी तो तिसरा स्वर नीट धरून ठेवणं मला जमत नव्हतं. आयोमीला टोपणांखाली तार जाणवायची नाही, त्याला सगळं कानाने करावं लागलं. डब्यात याचं काही गणित नाही.

बाबा खुर्ची ओढून बसले होते. "म तीव्र आहे," ते म्हणाले.

"हो."

"बरा लागलाय."

त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. तर्जनीचं खुंट किंचित हललं. मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. "बाबा, डाव्या हाताने स्वर आणि उजव्याने भाता, असं नसतं का जमलं? किंवा राहिलेल्या तीन बोटांनी?"

"जमायचं की," ते म्हणाले. "घरी वाजवून बघितलं होतं मी. तुम्ही शाळेत असताना. बरं वाजायचं."

"मग?"

"मग काय? प्रेसवरून काढून स्टोअरला टाकलं मला. तिथे कायमची सेकंड शिफ्ट. साडेतीन ते बारा. भजन सातला असायचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटलं, बोटांमुळे?"

मी गिटारचा आवाज बंद केला होता, पण डब्यातला घूं असा बारीक नाद चालूच होता. तोही हिशेबाने घातलेला असतो.

"पुन्हा वाजव," बाबा म्हणाले.

मी वाजवलं. सा, वरचा सा, तीव्र म. ते पुढे झुकून थांबले.

"पंचम कधी लागतो यात?"

"या तीन स्वरांत नाही लागत. पुढे तो मध्यमाला थरथरवतो तेव्हा हलका स्पर्श होतो. पण ठरत नाही."

"असं कसं," ते म्हणाले. मी पुन्हा वाजवलं, मध्यमावर थांबले, तो विरत जाईपर्यंत. बाबांनी पंचम स्वतःच लावला, तोंडातल्या तोंडात, आणि बातम्यांची वेळ झाली म्हणून रेडिओ लावायला आत गेले.